एक्याऐंशी नंबरची डबी

"ही थुंकी आहे," मी म्हटलं.

"मग? थुंकीच आणाया सांगितलासा न्हवं?" हौसाक्का म्हणाली.

"थुंकी नाही, बेडका! छातीतला, घट्ट. अहो मावशी, किती वेळा सांगायचं?"

"तीनदा सांगितलासा. मोजलंय मी."

मी डबीचं झाकण लावलं आणि ती टेबलावर आपटली. बाहेर बाकावर अकरा पेशंट बसले होते, माझा चहा केव्हाचा गार झाला होता आणि पुण्याच्या ऑफिसमधून सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. त्यात ही बाई. हौसाक्का तारदाळे समोर आली की पहिल्या वाक्यालाच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ही दोन हजार सातची गोष्ट. कोल्हापूरकडच्या एका यंत्रमागांच्या गावात, एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं संशोधन चालायचं. एचआयव्ही झालेल्या माणसाच्या अंगात आणखी कुठले आजार शिरतात, किती लवकर शिरतात, त्यातही टीबी किती, याचा तो अभ्यास. डॉक्टर एकच, हेर्लेकर नावाचे. तपासणीला लॅबमध्ये इनामदार. आणि बाकी सगळं म्हणजे मी, मगदूम सिस्टर. पेशंट समजावणं, रक्त काढणं, डब्या गोळा करणं, गोळ्या देणं आणि फॉर्म भरणं. एका पेशंटमागे चौदा पानांचा फॉर्म, त्याच्या तीन प्रती. कुणाच्या डोक्यातून ते रकाने निघाले होते देव जाणे. अर्धे मी न वाचताच सोडून द्यायची.

प्रत्येक पेशंटला नावाऐवजी नंबर होता. एक्याऐंशी नंबर म्हणजे मालन, हौसाक्काची सून. सत्तावीस वर्षांची, काडीसारखी झालेली. तिचा नवरा मागावर जॉबर होता, माग बिघडला की दुरुस्त करायचा. वर्षापूर्वी तो याच आजारानं गेला. काय झालंय ते त्यानं मरताना आईला सांगितलं, बायकोला सांगायची त्याची छाती झाली नाही. ते काम हौसाक्कानं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सुनेचा दंड धरून तिला तपासणीला आणलं. मालनच्या माहेरचे तिला घरी न्यायला कां कूं करू लागले, तेव्हा हौसाक्कानं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं म्हणे. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी डोकं तापायचं ते तापायचंच.

"मालन, तू पुढे ये," मी म्हटलं. "सासूला राहू दे मागे. हे बघ, असं करायचं."

मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि पोटातून दणदणीत खोकून दाखवलं. बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं.

"सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, तीन लांब श्वास घ्यायचे आणि मग असं. कर बघू."

मालननं इकडे तिकडे पाहिलं. लाजून हातरुमाल तोंडावर घेतला आणि 'खुक्' केलं. मांजराचं पिल्लू शिंकलं असतं तरी जास्त आवाज झाला असता.

"अगं जेवतेस की नाही काही? जोर लाव!"

"सिस्टर, येतच न्हाई," ती म्हणाली.

"येत नाही म्हणजे काय? खोकला आहे म्हणतेस, ताप येतो म्हणतेस, वजन उतरतंय. मग बेडका कसा येत नाही?"

आणि तेवढ्यात हौसाक्काला खोकल्याची उबळ आली. चांगली लांबलचक, ओली. ती भिंतीला धरून वाकली.

"मावशी, पदर लावा तोंडाला! इथे आजारी माणसं बसलीत."

"सुताचा खोकला हाय," ती धापा टाकत म्हणाली. "ईस वर्सं मागाच्या कांड्यांवर सूत भरतोय मी. त्येचा पिंज जातोय छातीत."

"कशाचाही असू दे. पदर लावा."

तिनं पदर लावला. मी परत फॉर्मकडे वळले.

आता लपवून काय करायचंय, मला त्या कामाचा गर्व होता. राज्यात असली पाच सेंटरं होती. बाकीच्या ठिकाणी शंभरातले वीस-वीस नमुने यायचेच नाहीत. माझ्या सेंटरवर दीड वर्षात एकही डबी रिकामी गेली नव्हती. पुण्याच्या मीटिंगमध्ये हा अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मगदूम सिस्टरांकडून शिका जरा." मी घरी येऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं होतं. आता ही एक्याऐंशी नंबरची बाई माझं ते सगळं बुडवायला निघाली होती.

मी नवी डबी काढली, चिकटपट्टीवर ८१ लिहिलं आणि हौसाक्काच्या हातात दिली. तिच्या सुनेकडे दिली असती तर ती पिशवीच्या तळाशी गेली असती.

"ही शेवटची. उद्या यात बेडका नसेल, तर मी हिचं नाव काढून टाकीन."

हे साफ खोटं होतं. नाव काढायचा मला अधिकारच नव्हता. पण असं म्हटलं की माणसं हलतात, हा माझा अनुभव.

हौसाक्काचा चेहरा बदलला. "नाव काढणार म्हंजे?"

"म्हणजे इथलं सगळं बंद. डॉक्टर नाहीत, तपासण्या नाहीत, औषध नाही. मग बसा कुठेतरी लायनीत."

त्या दोघी आमच्याकडे येण्याआधी चार दवाखाने फिरल्या होत्या. एका ठिकाणी मालनला खोलीच्या आत घेतलंच नव्हतं. डॉक्टर हेर्लेकरांनी पहिल्या दिवशी तिचा हात हातात घेऊन नाडी बघितली, तर हौसाक्का बाहेर येऊन मला म्हणाली होती, "हात लावला वो तिला." हे सगळं ठाऊक असूनच मी ती धमकी दिली. वर्मावर बोट ठेवायची कला मला चांगली येत होती.

हौसाक्कानं डबी पदराच्या गाठीत बांधली. "बेडका पायजे न्हवं? मिळंल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला डबी टेबलावर. मी झाकण उघडलं. घट्ट, पिवळा, भरपूर. पुस्तकात छापावा असा नमुना.

"बघ!" मी मालनला म्हटलं. "जमलं की नाही? उगीच तीन दिवस माझा जीव खाल्लास."

मालन खाली बघत राहिली. हौसाक्का मात्र ताठ उभी होती.

"आता काढणार न्हाई न्हवं नाव?"

"नाही काढत. जा."

संध्याकाळी इनामदार लॅबमधून आले. "एक्याऐंशी पॉझिटिव्ह. चांगलाच आहे टीबी."

डॉक्टर हेर्लेकरांनी मालनच्या छातीचा फोटो उजेडात धरून पुन्हा पाहिला. फोटो साफ होता. "एचआयव्हीत होतं असं," ते म्हणाले. "फोटोत दिसत नाही आणि बेडक्यात सापडतो. बरं झालं सिस्टर, तुम्ही नमुन्याचा पिच्छा सोडला नाहीत." मग मालनला म्हणाले, "आधी टीबी आवरू. दोन महिन्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या चालू करू. दोन्ही एकदम तुला झेपायच्या नाहीत."

त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

तेव्हा टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा, आमच्यासमोर घ्यायच्या असत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मालन यायची. सोबत हौसाक्का असायचीच. ती दाराशी उभी राहून खोकायची, मी आतून ओरडायची, "पदर!", आणि ती पदर लावायची. दोन महिने हे चाललं. म्हणजे बघा, टीबीच्या अभ्यासातली नर्स मी, आठवड्यातून तीनदा तो खोकला ऐकत होते आणि दर वेळी फक्त पदर लावायला सांगत होते.

मालन काही सुधारेना. उलट वजन आणखी दोन किलोनं उतरलं. सहाव्या आठवड्यापासून ती म्हणायला लागली, "सिस्टर, डोकं लई दुखतंय."

"गोळ्यांनी दुखतं. पोटभर खाऊन ये."

पुढच्या खेपेला, "सिस्टर, उजेड सोसंना झालाय."

"झोप झाली नसेल."

त्याच्या पुढच्या खेपेला हौसाक्काच पुढे आली. "वो बाई, तिचं डोकं लई ठणकतंय. वांती बी झाली काल."

"मावशी, उलटीतून गोळ्या पडल्या असतील तर मला सांगायला नको? म्हणूनच सुधारत नाही ही! मालन, गोळी गिळलीस? तोंड उघड. जीभ वर कर. बाजूला कर."

मालननं तोंड उघडलं. मी टॉर्च मारून आत बघितलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती, दार उघडंच होतं. त्यानंतर दर खेपेला मी तिचं तोंड तपासायला लागले.  फॉर्ममध्ये तक्रारींचा रकाना होता. त्यात मी लिहीत गेले, 'किरकोळ'. डॉक्टर आठवड्यातून एकदा तो कागद बघायचे आणि पान उलटायचे.

दोन महिने झाले. पुन्हा बेडका तपासायची वेळ आली. डबी आली, वेळेवर, भरलेली. आणि इनामदार दारात येऊन उभे राहिले.

"एक्याऐंशी अजून पॉझिटिव्ह. पहिल्याइतकाच."

मी कपाळावर हात मारून घेतला. पुण्याहून फोन आला, गोळ्या खरंच तुमच्यासमोर घेते का? अहो, माझ्या डोळ्यांदेखत घेते! जिभेखाली बघते मी तिच्या! मग असं कसं? मला काय ठाऊक असं कसं!

डॉक्टर हेर्लेकरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "औषधाला न जुमानणारा टीबी दिसतोय," ते म्हणाले. "तसं असेल तर तिला बाहेरगावी मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. सहा महिने रोज इंजेक्शन. तिच्या अंगात तेवढी ताकद नाही, सिस्टर. मला भीती वाटते. पाठवण्याआधी एक नमुना आणखी घेऊ, पण खात्रीचा. तुमच्या समोर काढलेला."

"मीच जाते तिच्या घरी," मी म्हटलं. "सकाळी उठायच्या आत जाते. बघतेच काय चाललंय ते."

माझी खात्री होती की त्या दोघी मिळून मला बनवताहेत. गोळ्या ओकून टाकत असणार. रंगेहाथ पकडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून येणार हे न सांगता मी हौसाक्काच्या हाती नेहमीसारखी नवी डबी दिली.

दुसऱ्या दिवशी सहाला मी त्यांच्या दारात होते. माग-कारखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. कारखान्याची पाळी चालू होती, खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. दार लोटलेलं होतं. मी आत गेले. पहिल्या खोलीत कांड्या भरायचा चरखा, सुताची टोपली, सगळीकडे पांढरा पिंज. दुसऱ्या खोलीत मालन आडवी होती. कपाळाला फडकं करकचून बांधलेलं, तोंड भिंतीकडे. खिडकीवर चादर लावून उजेड बंद केला होता.

"मालन," मी हाक मारली. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, पण मानेऐवजी सगळं अंगच वळलं. 

मोरीकडून खोकल्याचा आवाज येत होता. मी तिकडे गेले. हौसाक्का मोरीच्या कट्ट्यावर वाकून बसली होती. खोकत होती, मी शिकवलं होतं अगदी तसं, कमरेवर एक हात ठेवून, पोटातून. दुसऱ्या हातात डबी होती. डबीवर माझ्या अक्षरात ८१.

"हौसाक्का!"

ती दचकली, पण डबी तिनं खाली पडू दिली नाही. झाकण लावलं, पदरानं पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"आलासा व्हय? घ्या. भरलीया."

"हा तुमचा बेडका आहे?"

"मग कुणाचा?"

"अहो बाई, हा मालनचा हवा होता! मालनचा! पहिल्या वेळी कुणाचा दिला होता?"

"माझाच की. तिला येत न्हाई, मला येतोय. तुमीच म्हणालासा बेडका न्हाई आला तर नाव काढतो. बेडका आणा म्हणालासा, मी आणला. कुणाचा आणायचा ते कुटं म्हणाला हुतासा?"

"डोकं फिरलंय का तुमचं? तपासणी तिची आहे!"

"एका चुलीवरचं खातोय आमी दोगी," हौसाक्काचा आवाज चढला. "एका मडक्यातलं पानी पितोय. तिचा येगळा न् माझा येगळा व्हय? रोग तर तिला हाय हे तुमाला म्हाईतच हाय! मग नुसता कागूद भराय कुणाचाबी चालतोय म्हणलं. तीन दिस ती पोर तुमच्यापुडं खोकून खोकून रडकुंडीला आली. तुमी सगळ्यांपुडं तिला वरडलासा. मला न्हाई बगवलं. म्हणलं माझी छाती भरलीया, हितनं घ्या."

मला खूप ओरडायचं होतं. तोंडही उघडलं. पण डोक्यात एकेक गोष्ट खाडकन जागेवर बसत होती. साफ फोटो. न सुधारणारी मालन. दाराशी खोकणारी म्हातारी. टीबी सापडला म्हणून पुढे कुणी काही शोधलंच नव्हतं, आणि तो टीबी मालनचा नव्हताच. मग मालनला काय झालं होतं?

मी धावत आत गेले, मालनच्या मानेखाली हात घातला आणि डोकं उचलायला गेले. ती किंचाळली. मान लाकडासारखी ताठ झाली होती.

"रिक्षा बघा," मी हौसाक्काला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

रिक्षात मालनचं डोकं हौसाक्काच्या मांडीवर होतं. ती पदरानं सुनेचे डोळे झाकून बसली होती, ऊन लागू नये म्हणून. सगळ्या वाटेत एकदाच बोलली.

"माझी चूक झाली आसंल सिस्टर. पर तिचं नाव नगा काढू."

  जे नाव काढायचा मला अधिकारच नव्हता, त्याच्यासाठी ती बाई माझ्यापुढे हात जोडत होती.

डॉक्टर हेर्लेकरांनी मालनच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. इनामदारांनी त्यात काळ्या शाईचा थेंब टाकून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बोलावलं. "बघा." काळ्या शाईत पांढरे गोल गोल ठिपके, खच पडलेला. मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी. एचआयव्हीत अंगाची ताकद फार कमी झाली की ती होते, हे मला शिकवलं होतं. पहिलं लक्षण डोकेदुखी, हेही शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

"डोकं कधीपासून दुखत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. परवापासून म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"तीन आठवडे," मी म्हटलं. "दर खेपेला सांगत होती. मी 'किरकोळ' लिहिलं."

त्यांनी फॉर्ममधलं तक्रारींचं पान उघडून बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रिपोर्ट आला आणि मीही शोधायचं थांबलो," ते म्हणाले. "आता खरं काय ते लिहा. सगळं लिहा. डबीचं सुद्धा."

मी लिहिलं. पुण्याला कळलं. मोठ्या मॅडम स्वतः आल्या, चार तास कागद बघितले. पुढच्या मीटिंगमध्ये माझं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं नाही म्हणून मला राग आला नाही, हेही माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

बुरशीवरचं औषध मिरजेहून मागवलं. पंधरा दिवस ते ट्रस्टच्या दवाखान्यातच शिरेतून चाललं. थंडी वाजून मालन पलंगासकट हलायची. हौसाक्काला तिच्याजवळ बसू द्यायचं नव्हतं, कारण इतके दिवस मालनच्या नंबरावर सापडत होता तो टीबी आता हौसाक्काच्या स्वतःच्या नावावर लागला होता. वॉर्डाच्या बाहेर व्हरांड्यात ती बसायची, तोंडाला पदर लावून. आता तिला सांगावं लागत नव्हतं. रोज सकाळी मी आले की विचारायची, "हाय न्हवं?" मी म्हणायची, "आहे." बस, एवढंच.

मालन वाचली. पण डोळे गेले. मेंदूवर आलेल्या दाबानं डोळ्यांच्या शिरा चेपल्या होत्या. उजेड आणि अंधार, समोर माणूस आहे की नाही, एवढं कळायचं. तीन आठवडे आधी पाठीतलं पाणी काढलं असतं तर कदाचित डोळे राहिले असते, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले.

पुढचे सहा महिने हौसाक्का माझ्याकडे गोळ्या घ्यायला आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझ्यासमोर गोळ्या तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि मी काही म्हणायच्या आत तोंड उघडायची. जीभ वर करायची. मग बाजूला करायची.

"मावशी, नको. तसं करू नका."

"आसूं दे. तुमास्नी बगायला लागतंय," ती म्हणायची. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते.

सहा महिने संपले. शेवटची तपासणी राहिली. मी डबी दिली, त्यावर तिचा स्वतःचा नंबर घातला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला दोघी दारात. पुढे हौसाक्का, तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे मालन. मालनच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू झाल्या होत्या, गालावर थोडं मांस आलं होतं. केसांत पिंज होता. हौसाक्काला डॉक्टरांनी आता चरख्याजवळ बसायची मनाई केली होती म्हणून कांड्या मालनच भरायची, बोटांनी चाचपून.

हौसाक्कानं डबी टेबलावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरली. मी झाकण उघडलं. कोरडी ठणठणीत.

"पाटेपासनं खोकतोय," ती म्हणाली. "पोटातनं खोकलो, तुमी शिकवलासा तसं. कायबी न्हाई. छातीत कायच ऱ्हायलं न्हाई वो." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. ती टेबलावरच्या माझ्या वहीकडे बघत होती. "नाव काढतासा व्हय?"



"मी म्हणलं आत्ती, माझा देऊ का?" मागून मालन म्हणाली. "तर अशा शिव्या घातल्या मला." आणि ती हसली. तिचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

"कुणाचा द्यायला नको," मी म्हटलं. "रिकामी चालते. बऱ्या झालात म्हणून येत नाही, मावशी."

"चालते?" हौसाक्कानं विचारलं. "रिकामी डबी चालते?"

"चालते."

"आदीपासनं चालत हुती?"

मी फॉर्म ओढून घेतला. नववं पान उघडलं. नमुन्याच्या रकान्याखाली दोन चौकोन होते. पहिल्यापुढे छापलं होतं, 'नमुना मिळाला'. दुसऱ्यापुढे, 'पेशंटला बेडका येत नाही'. दोन्ही चौकोन पहिल्या दिवसापासून तिथेच होते. त्या दुसऱ्यावर मी कधी एक खूणही केली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "आधीपासून चालत होती."

हौसाक्कानं सुनेचा हात खांद्यावर नीट बसवला आणि दाराकडे वळली. उंबऱ्याशी थांबून तिला म्हणाली, "हितं पायरी हाय."